मोटारीचे जुनेर

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे वस्तू व सेवा कर परिषदेची पंचावन्नावी बैठक झाली आणि जुन्या मोटारींवर सरसकट अठरा टक्के कर बसणार अशी वार्ता आली. त्या वेळी शहरी मध्यमवर्गाने जो आकांत केला तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. बारा लाखांना घेतलेली मोटार नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावर कर भरावा लागणार, असा अजब हिशेब हातोहात फिरला. वस्तुतः कर होता तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर. घरची गाडी शेजाऱ्याला विकणाऱ्या गृहस्थाला त्याची झळ नव्हती. मोठ्या गाड्यांच्या बाबतीत तर हा दर २०१८ पासूनच अठरा टक्के होता. वाढ झाली ती लहान गाड्यांवरील बाराची अठरा, एवढीच. हिशेब चुकला याचे फारसे नवल नाही. नवल याचे, की त्याच दिवशी, त्याच करपद्धतीत, खेड्यापाड्यांतील माणसे वाहून नेणाऱ्या बसगाडीवर अठ्ठावीस टक्के कर होता आणि त्याविषयी त्या गदारोळात चकार शब्द निघाला नाही. बसवरील कर अठरावर आला तो पुढे २२ सप्टेंबर २०२५ रोजी. आणि त्याच दिवशी मोठ्या मोटारींवरील कर व उपकर मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा भार चाळीसवर आणण्यात आला. एसटी आणि आलिशान मोटार यांना एकाच पंगतीत बसवून दोघांच्या पानांत दहा-दहा टक्के वाढण्यात आले. यालाच आजचे राज्यकर्ते करसुधारणा म्हणतात.

या गदारोळात ज्या जुन्या मोटारीचा कोणी विचार केला नाही, ती म्हणजे तीन रांगांची, उंच चाकांची, सात ते दहा माणसांची कुटुंबाची गाडी. इंग्रजी जाहिरातींत तिला क्रीडा आणि उपयुक्तता अशी दोन भारदस्त विशेषणे चिकटवलेली असतात. खेड्यात तिला सुमो, ट्रॅक्स, बोलेरो, टवेरा अशा नावांनीच ओळखतात, आणि तिच्यात कोणी क्रीडा करीत नाही. तिच्यातून लग्नाचे वऱ्हाड जाते, बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात जाते, शाळेची मुले जातात, बाजाराच्या दिवशी कोथिंबिरीची गाठोडी आणि कोंबड्या जातात. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभर घरांपैकी पाच घरांतही मोटार नव्हती. नेमका आकडा ४.७ टक्के होता. त्यानंतर मोटारी वाढल्या आहेत यात शंका नाही. २०२४-२५ या वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या आणि त्यांतील जवळजवळ २८ लाख या उंच, उपयुक्त म्हणविणाऱ्या वर्गातील होत्या. म्हणजे शहरातला ग्राहक आता लहान मोटारीवर समाधानी नाही. प्रश्न असा, की या गाड्या पाच-सात वर्षांनी जातात कोठे?

त्या जुनेर होऊन खाली जातात. वाड्यावरच्या मालकिणीचे वापरून विरलेले लुगडे मोलकरणीला द्यायचे आणि वर दातृत्वाचे पुण्य जोडायचे, ही रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. फरक एवढाच, की ते जुनेर निदान फुकट मिळे. मोटारीचे जुनेर घेणाऱ्याला मात्र नव्याच्या खरेदीदाराहून चढ्या व्याजाने कर्ज काढावे लागते. वरच्या थरात संपत्ती ओतली की ती हळूहळू खाली झिरपते, असा सिद्धान्त गेली तीन-चार दशके या देशाला पढविण्यात येत आहे. तो खरा कोठे ठरत असेल तर तो जुन्या मोटारींच्या बाजारात. तेथे खरोखरच काहीतरी झिरपते. पण संपत्तीचा रस वरच आटून गेलेला असतो आणि खाली उतरतो तो खर्च, धोका आणि धूर.

हा आरोप भावनेच्या भरात केलेला नाही; त्याचा हिशेब मांडता येतो. एखाद्या व्यवसायाच्या नावाने दहा लाखांची गाडी घेतली, तर आयकराच्या नियमांनुसार तिच्यावर दरसाल पंधरा टक्के घसारा धरता येतो. शिल्लक किमतीवर तो धरत गेल्यास पाच वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक रक्कम उत्पन्नातून वजा होते. म्हणजे त्या गाडीच्या सुखाचा काही भाग सरकारी तिजोरीने, म्हणजे काडेपेटीपासून प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या जनतेने, सोसलेला असतो. पाच वर्षांनी तीच गाडी एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती येते. त्याला घसाऱ्याची सवलत कसली? त्याचे करपात्र उत्पन्नच नाही. त्याच्या वाट्याला येते ते इंजिनचे निघालेले काम, बसलेले पाटे, घोटलेले टायर आणि डिझेल. त्या डिझेलवरील केंद्रीय उत्पादनशुल्क २०१४ च्या आरंभी लिटरला ३ रुपये ५६ पैसे होते. जगात तेल मातीमोल झाले त्या मे २०२० मध्ये ते ३१ रुपये ८३ पैशांवर नेण्यात आले. पुढे ते उतरवले, पण २०१४ च्या पातळीवर नव्हे. नवी मोटार घेणाऱ्यावरील कर कमी करायचा आणि जुनी मोटार चालविणाऱ्याच्या टाकीतून तो वसूल करायचा, हे अर्थकारण कोणाच्या सोयीचे आहे हे सांगावयास नको.

करआकारणीची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. मोठी मोटार कोणती हे ठरविताना २०२५ च्या बदलापूर्वी सरकार तिची लांबी चार हजार मिलिमीटरहून अधिक आहे काय, इंजिन दीड हजार घनसेंटिमीटरहून मोठे आहे काय, आणि तळ जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच आहे काय, हे मोजत असे. मिलिमीटरपर्यंत मोजमाप! पण त्या गाडीत माणसे किती बसतात हे त्या मोजमापात कोठेच नव्हते. एकटा बिल्डर मागच्या आसनावर पाय पसरून जातो ती गाडी आणि अकरा मजूर गुडघ्याला गुडघा लावून जातात ती गाडी, दोन्ही या व्याख्येत एकच. नव्या व्याख्येतही लांबी आहे, इंजिन आहे, माणूस नाहीच.

सौद्यात कोण फसतो?

जुन्या मोटारींच्या बाजाराने अर्थशास्त्राला एक अजोड निबंध दिला आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी परत पाठविला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे सरळ होते. जुनी मोटार चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि उरतात त्या अधिकाधिक नासक्या गाड्या. बाजार आपोआप सर्वांचे कल्याण करतो, या श्रद्धेला मोटारीच्या दलालाच्या अंगणातच हा तडा गेला.

ज्याने तालुक्याच्या गावी जुन्या गाड्यांचा सौदा पाहिला असेल त्याला अकरलॉफ वाचण्याची गरज नाही. तेथील प्रत्येक गाडी ‘डॉक्टरची गाडी’ असते. प्रत्येक गाडी एकहाती वापरलेली असते. मीटर मागे फिरविणे ही तर किरकोळ कला. डेंटिंग-पेंटिंगखाली अपघात झाकला जातो, आणि विम्याच्या कागदावरून तो कळेल इतकी सवड व इतके इंग्रजी गिऱ्हाइकाजवळ नसते. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली; मग त्या गाड्यांना ना-हरकत दाखले देऊन परराज्यांत विकण्याची वाट खुली राहिली. राजधानीच्या फुप्फुसांना जो धूर सोसवत नाही तो इतर प्रांतांतील लहान गावांच्या फुप्फुसांना सोसवतो, असे या व्यवस्थेचे वैद्यकशास्त्र दिसते.

टवेरा या गाडीचा इतिहास येथे मुद्दाम सांगितला पाहिजे, कारण तो केवळ गाडीचा नाही. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने २००४ मध्ये ही तीन रांगांची गाडी भारतात आणली. २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार टवेरा प्रदूषणाच्या मापदंडांत बसत नाहीत म्हणून परत बोलावण्याची पाळी कंपनीवर आली. तपासणीसाठी निवडलेल्या इंजिनांत तिच्याच लोकांनी लबाडी केल्याचे उघड झाले. २०१७ मध्ये कंपनीने गुजरातेतील हालोलचा कारखाना बंद केला आणि वर्षअखेरीस भारतातील विक्री थांबविली. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याजवळील तळेगावच्या कारखान्यातील उत्पादनही थांबले आणि तेथील कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. भांडवल आपल्या देशी परत गेले. कामगार रस्त्यावर आला. आणि टवेरा? तीही रस्त्यावरच आहे. कंपनीने हात झटकलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून ती गरजवंताच्या दारात उभी आहे. दिलेल्या हमीची जबाबदारी कंपनीबरोबर विमानात बसून गेली.

नव्या गाडीच्या खरेदीदाराचे रक्षण करायला आता पुष्कळ नियम आहेत. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाके न अडकू देणारे ब्रेक सक्तीचे झाले, जुलै २०१९ पासून चालकासमोर हवेची उशी सक्तीची झाली. सहा उशा सक्तीच्या करण्याचा बेत मात्र १ ऑक्टोबर २०२२ वरून पुढे ढकलण्यात आला आणि २०२३ मध्ये सोडूनच देण्यात आला. त्या आधीच्या गाड्यांचे काय? त्यांना यांतले काहीच लागू नाही. म्हणजे सुरक्षितता हीसुद्धा उत्पन्नानुसार वाटली जाते. २०२२ या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली.

तिसरी रांग

तीन रांगांच्या मोटारीत समाजाची उतरंड जशी नीट बसविलेली दिसते तशी क्वचितच अन्यत्र दिसेल. पुढे चालकाशेजारी घरचा कर्ता पुरुष. काच उघडी, हात बाहेर, रस्ता त्याचा. मधल्या रांगेत जावई, पाहुणे, कर्ते मुलगे. तिसऱ्या रांगेत बायका, मुले, म्हातारी, आणि त्यांच्या पायांत डबे, पिशव्या, नारळाचे पोते. ही रांग नेमकी मागच्या चाकांवर असते, म्हणून प्रत्येक खड्डा तेथे दुप्पट आदळतो. तेथली खिडकी पुष्कळ गाड्यांत उघडत नाही. तेथून उतरायचे तर मधल्या रांगेतल्या पुरुषांनी आधी उठले पाहिजे किंवा कोणीतरी बाहेरून मागचे दार उघडले पाहिजे. सुमो आणि बोलेरोच्या मागे तर समोरासमोर आडव्या बाकड्या असतात. त्यांच्यावर बसलेली बाई चार तासांचा प्रवास मान तिरपी करून करते. गाडी मागून ठोकली गेली तर पहिला आघात झेलायला तीच असते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री या उद्योगपतींचा मोटार अपघातात दुर्दैवी अंत झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधलाच पाहिजे, याची आठवण सरकारला एकदम झाली. नियम आधीपासूनच होता. पण तो नियम नीट वाचला तर असे दिसते, की तो समोर तोंड करून असलेल्या मागच्या आसनांपुरता आहे. आडव्या बाकड्यावर बसलेल्या बाईला पट्टा नाही, आणि तिला तो का नाही असे विचारणारा नियमही नाही. नियम करणाऱ्यांपैकी कोणी आयुष्यात तेथे बसला नसावा.

दोन हप्ते

इतका धोका, इतका खर्च ठाऊक असताना गावातले कुटुंब ही गाडी का घेते? याचे उत्तर ‘चंगळवाद’ असे देण्याची चळवळीतील काही ज्येष्ठांना सवय आहे. हे उत्तर आळशी आहे. आंद्रे गोर्झ या फ्रेंच समाजवादी लेखकाने १९७३ मध्ये मोटारीच्या सामाजिक विचारसरणीवर लिहिताना दाखवून दिले होते, की मोटार ही सर्वांनी घेतली की कोणाच्याच उपयोगी न पडणारी चैनीची वस्तू आहे. शहराच्या बाबतीत ते शंभर टक्के खरे आहे. पुण्याच्या कोणत्याही चौकात संध्याकाळी त्याची प्रचिती येते. परंतु ज्या वाडीला संध्याकाळी पाचनंतर बस नाही, जेथून रात्री साप चावलेल्या पोराला न्यायचे तर कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते, तेथे तोच निकष लावणे म्हणजे पुस्तक वाचून गाव न पाहण्यासारखे आहे. त्या वाडीत उसाच्या बिलातून, जमिनीच्या मोबदल्यातून किंवा निवृत्त फौजीच्या फंडातून आलेली जुनी सुमो ही मिरवण्याची वस्तू नसते. सरकारने जे केले नाही ते एका कुटुंबाने कर्ज काढून केलेले असते.

कर्ज काढले की गाडी दारात उभी ठेवून भागत नाही. तिने कमावले पाहिजे. मग ती वडाप होते. पश्चिम महाराष्ट्रात वडाप, मराठवाड्यात आणि विदर्भात काळी-पिवळी. परवाना असो वा नसो, नाव तेच. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीने भाडे घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ चा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दहा हजार रुपये दंड आहे, शिवाय कारावास आहे. पण कायदा जितका कडक तितका त्यातून सुटण्याचा दर चढा. महिन्याला एक हप्ता वित्तसंस्थेला आणि एक हप्ता नाक्यावर. पहिला थकला तर गाडी ओढून नेतात, दुसरा थकला तर गाडी लावून ठेवतात. या दोन हप्त्यांच्या मध्ये तो पंचवीस वर्षांचा चालक दहाच्या गाडीत चौदा माणसे का कोंबतो, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी नको.

आणि अपघात झाला तर? खासगी वाहनाच्या विम्यात भाडोत्री प्रवासी अंतर्भूत नसतात. विमा कंपनी त्या मुद्द्यावर भांडते आणि भरपाईचा बोजा मालकावर येऊन पडतो. त्याच्याजवळ देण्याला काय असते? मोडलेली गाडी. कित्येकदा तर गाडी आरसी बुकावर त्याच्या नावावर झालेलीच नसते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि तोच जबाबदार. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला, तो यामुळेच. नियम चांगला आहे. तालुक्याच्या पानपट्टीवर जे सौदे होतात त्यांच्यापर्यंत मात्र तो नियम चालत जायचा आहे.

येथे एक विरोधाभास नोंदवून ठेवला पाहिजे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कामगारांचा संप चालला. त्या काळात, नोव्हेंबरमध्ये, राज्य सरकारने अधिसूचना काढून खासगी बस, शाळांच्या बस, इतकेच काय मालवाहू गाड्या यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. ज्या सरकारला एरवी प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी परवान्याचा आग्रह असतो, त्याला संप मोडायच्या वेळी मालमोटारीच्या हौद्यात बसलेली माणसे चालली. मग वडापवाल्याला त्या सहा महिन्यांत कोण अडविणार? अवैध वाहतूक ही अशी सरकारच्या गरजेनुसार वैध आणि अवैध होत असते.

साय कोणाची

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्या आधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. त्या भरल्याशिवाय सुटत नसत आणि जेथे भरत नसत तेथे जात नसत. हीच तक्रार आज वडापविषयी ऐकू येते. म्हणजे पाऊणशे वर्षांनंतर गाडी पुन्हा पहिल्या थांब्यावर आली आहे. सार्वजनिक वाहतुकीचे सारे तत्त्व असे, की भरणाऱ्या मार्गावरच्या उत्पन्नातून न भरणारा मार्ग चालवायचा. वडाप नेमकी भरणाऱ्या मार्गावरची, भरणाऱ्या वेळेची साय काढून नेते. एसटीकडे उरते ते ताक, आणि मग ‘महामंडळ तोट्यात’ म्हणून गळा काढायला अधिकारी मोकळे.

साधे गणित करून पाहावे. एसटीची ४४ आसनांची बस डिझेलच्या एका लिटरला साधारण साडेचार किलोमीटर जाते. पूर्ण भरली तर एका लिटरमध्ये १९८ माणसे एकेक किलोमीटर जातात. जुनी तीन रांगांची गाडी लिटरला अकरा किलोमीटर गेली आणि तिच्यात दहा माणसे असली तर ११०. शहरात तिच्यात दोन माणसे असतात, तेव्हा २२. भरलेल्या बसशी बरोबरी करणारे वाहन रस्त्यावर नाही. परंतु बस निम्मी रिकामी धावली की तिचा आकडा ९९ वर येतो आणि दहा जणांची सुमो तिच्या पुढे जाते. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी हा दुसरा आकडा लपवू नये. बस श्रेष्ठ ठरते ती भरल्यावर, आणि ती भरते वेळेवर आल्यावर.

ती वेळेवर येते काय? करोनापूर्वी महामंडळाकडे सुमारे अठरा हजार गाड्या होत्या. त्यानंतरच्या वर्षांत ती संख्या पंधरा हजारांच्या आसपास उतरली. भाडे मात्र जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी चढले. तिकिटातून राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. स्वतःच्याच महामंडळाच्या सर्वांत गरीब गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा आणि मग त्याच महामंडळाला अनुदान देऊन उपकार दाखवायचे, हा व्यवहार दुसऱ्या कोणी केला असता तर त्याला सावकारी म्हटले असते. दुसऱ्या बाजूला, १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार, जीप, व्हॅन यांना राष्ट्रीय महामार्गांवर तीन हजार रुपयांत दोनशे टोल-फेऱ्यांचा वार्षिक पास मिळू लागला. एका फेरीला पंधरा रुपये. भाडोत्री परवाना रीतसर काढून पिवळी पाटी लावणाऱ्याला तो पास नाही. म्हणजे ज्याने कायदा पाळला त्याने पूर्ण टोल भरायचा आणि ज्याने पांढऱ्या पाटीवर भाडे मारले त्याला सवलत! कायदेभंगाला याहून स्पष्ट उत्तेजन कोणते?

लोकांना वडापच आवडते, त्यांना हवे ते बाजाराने दिले, असे म्हणणारे विद्वान आहेत. त्यांना महाराष्ट्रातील स्त्रियांनी उत्तर दिले आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्मे भाडे झाले. लगेच गाड्या स्त्रियांनी भरून वाहू लागल्या. ज्या बाईला काल आडव्या बाकड्यावर पूर्ण पैसे देऊन बसावे लागत होते तिला आज निम्म्या पैशात खिडकी मिळाली. तिने निवड करायला क्षणभरही लावला नाही. तिची पसंती वडापला कधीच नव्हती. तिच्यापुढे दुसरी वस्तूच ठेवलेली नव्हती, आणि एकच वस्तू समोर ठेवून ‘ग्राहकाची निवड’ म्हणणे ही बाजारवाद्यांची जुनी चलाखी आहे. ज्या गावाला गाडीच जात नाही तेथल्या बाईला मात्र ती निम्म्या भाड्याची सवलत कागदावरच मिळाली.

आता प्रश्न चळवळीच्या भूमिकेचा. एसटी कामगारांच्या संघटना वारंवार मागणी करतात, की अवैध वाहतुकीवर धाडी घाला, स्थानकाच्या दोनशे मीटर परिसरात खासगी वाहन उभे राहू देऊ नका. दोनशे मीटरची मागणी रास्त आहे. स्थानकाच्या दारातून प्रवासी ओढून नेणे हा सायचोरीचाच प्रकार आहे. परंतु सरसकट धाडींची मागणी समाजवाद्यांनी डोळे मिटून उचलणे चुकीचे ठरेल. धाडीत सापडतो तो एका गाडीचा कर्जबाजारी मालक-चालक. त्याच मार्गावर डझनभर गाड्या दुसऱ्यांच्या नावाने चालविणारा, जिल्हा परिषदेत बसणारा पुढारी सापडत नाही. त्याच्या गाड्या निवडणुकीत प्रचाराला लागतात, आणि हे सांगताना समाजवादी उमेदवारांच्या प्रचारफेऱ्याही त्याच गाड्यांतून झाल्या आहेत याचा विसर पडू नये. एसटीचा वाहक आणि वडापचा चालक हे एकाच वाडीतले, पुष्कळदा एकाच भावकीतले असतात. दोघांना एकमेकांवर घालून मंत्रालयाने स्वस्थ बसावे, हा डाव ओळखला पाहिजे.

म्हणून मागणी दुहेरी असावी. प्रवासी कर रद्द व्हावा, सवलतींची प्रतिपूर्ती महामंडळाला वेळेवर मिळावी, आणि कमी उताऱ्याच्या मार्गांसाठी लहान बस महामंडळानेच घ्याव्यात. हे झाले एका बाजूचे. दुसऱ्या बाजूस, जेथे एसटी जात नाही आणि नजीकच्या काळात जाणार नाही, तेथे वाडीपासून एसटीच्या थांब्यापर्यंतच्या तुकड्यावर या तीन रांगांच्या गाड्यांना नाममात्र शुल्कात परवाना द्यावा. आसने ठरलेली, भाडे ठरलेले, प्रवाशांचा विमा अनिवार्य, आणि परवाना चालविणाऱ्याच्याच नावे, एकास एकच. आडव्या बाकड्या काढून समोर तोंड असलेली, पट्ट्याची आसने बसविण्यासाठी सहकारी बँकांनी कर्ज द्यावे. यावर काही मित्र म्हणतील, की ही खासगीकरणाला मागच्या दाराने मान्यता झाली. मागचे दार केव्हाच उघडे आहे. तेथून आत कोण बसले आहे आणि ते जिवंत पोचेल की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. समाजवाद्यांना परवाना-राज नको म्हणून हिणविणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, की बिनपरवान्याच्या राज्यात हप्त्याचे दर लिलावाने ठरतात.

हे काम मुंबईच्या निवेदनांनी व्हायचे नाही. प्रत्येक आगाराकडून माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दोन याद्या मागता येतात: मार्च २०२० मध्ये कोणत्या फेऱ्या चालू होत्या आणि आज कोणत्या चालू आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोणत्या वाड्यांच्या फेऱ्या परत आल्या नाहीत हे नावानिशी कळते. ती यादी ग्रामसभेत वाचावी, ठराव घ्यावा आणि तो विभाग नियंत्रकाकडे व प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे घेऊन जावे. नेताना एसटीचा वाहक, वडापचा चालक आणि आडव्या बाकड्यावर बसणाऱ्या चार बायका, सगळ्यांना बरोबर न्यावे. त्या दिवशी वाडीला बस नसेल तर सुमोतूनच जावे लागेल. पण त्या बायकांना मधल्या रांगेत बसवावे.